शांघायची ज्येष्ठता यादी

२० जुलै २०१६, बुधवार. डार्मश्टाट

सुखरूप पोहोचलो. फ्रँकफर्टच्या विमानतळावर अधिकाऱ्याने येण्याचा उद्देश विचारला. मी म्हटलं, मुलगी. त्याने शिक्का मारला. खरा उद्देश त्याला सांगण्यासारखा नव्हता, पण इथे लिहून ठेवतो: कीर्तीला नोकरीला हो म्हणायला लावणे.

प्रकरण थोडक्यात असं. कीर्ती चार वर्षांपासून इथे पीएचडी करते आहे. विषय, चीनमधली एक जुनी सिनेमा कंपनी. शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपली. मे महिन्यात पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात तिला नोकरी चालून आली, कारण तिला चिनी भाषा येते आणि कारखान्याचं गिऱ्हाईक चीनमध्ये आहे. नोकरी 'उनबेफ्रिस्टेट' आहे, म्हणजे पर्मनंट. माझ्या पत्नीने, प्रभाने, हा शब्द कीर्तीकडून फोनवर तीन वेळा म्हणवून घेतला आणि मला व्हिसाच्या मागे लावलं. म्हणाली, "अहो, फोनवर ती नुसतं हो-हो करते. समोर बसून सांगा." मी जिल्हा परिषदेत तेहतीस वर्षं काढली, जालन्याला कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. समोर बसून सांगण्यातच माझी सगळी नोकरी गेली.

कारखान्याला ३१ ऑगस्टपर्यंत कळवायचं आहे, असं कीर्तीने जेवताना सांगितलं. इथले लोक उमेदवाराला साडेतीन महिने विचार करायला देतात. आपल्याकडे पंधरा दिवसांत रुजू झालं नाही तर आदेश रद्द होतो. प्रगत देश आहे. माझ्या हातात बेचाळीस दिवस आहेत, घाई करण्याचं कारण नाही.

२२ जुलै

एकदम नोकरीचा विषय काढला असता तर ती सावध झाली असती. म्हणून आधी म्हटलं, चार वर्षं कशावर लिहिते आहेस ते तरी दाखव. "खरंच बघायचंय?" तिने विचारलं. मग पलंगाखालून बुटांचे दोन खोके काढले. त्यात कार्डं.

कंपनीचं नाव तिने तीनदा म्हणून दाखवलं, मला तिन्ही वेळा वेगळं ऐकू आलं. म्हणून इथे फक्त 'कंपनी' लिहितो. शांघाय, १९३४. परदेशात शिकून आलेल्या तिघा इंजिनिअरांनी सिनेमाचा आवाज रेकॉर्ड करायचं यंत्र स्वतः बनवलं. यंत्र झालं, मग म्हणाले आपणच सिनेमे का काढू नयेत? त्यांना येऊन मिळाले ते सगळे डाव्या विचारांचे. लेखक, गाणारे, नाटकवाले. राजाराण्यांचे सिनेमे नको, बेकारांचे काढा, असं त्यांचं म्हणणं. सरकारची नजर, सेन्सॉरची कात्री. दीड वर्षात चार सिनेमे काढले आणि कंपनी बंद पडली.

"चारच?" मी विचारलं.

"चारच, बाबा."

दरवर्षी एक धरला तरी तिने आतापर्यंत चार वर्षांत चारांवर लिहायला हवं होतं. पण हे बोललो नाही.

२६ जुलै

खोक्यांतली कार्डं वाचली. टिपणं इंग्रजीत आहेत, त्यामुळे अडचण नाही. पण मांडणी फारच ढिली. त्रेचाळीस माणसं आहेत आणि कोण कधी आला, कधी गेला, कोणाच्या आधी कोण, याचा पत्ता नाही. एवढ्या मोठ्या आस्थापनेची ज्येष्ठता यादी नाही, हे मला बघवेना.

कीर्तीला नमुना सांगितला. अनुक्रमांक, नाव, पदनाम, रुजू दिनांक, सोडल्याचा दिनांक, सोडण्याचं कारण, शेरा. तिने रकाने बोटांवर मोजले. रकाने कळले नसावेत असं वाटून मी पुन्हा समजावले. ती म्हणाली, "कळलं बाबा. करा ना. खरंच करा." तिने मला बसायला खिडकीजवळचं टेबल दिलं, स्वतःचा लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात नेला.

प्रभाला फोनवर सांगितलं की वातावरण तयार करतो आहे.

१ ऑगस्ट, सोमवार

आजपासून कीर्तीने रोज वाचनालयात जायचं ठरवलं आहे. सात दहाच्या ट्रामने गेली. नवा इस्त्रीचा शर्ट, बूटही नवे. डबा मी करून दिला. अभ्यास करायचा तर असा वेळेवर, तयार होऊन करावा. मीही नऊ ते पाच टेबलावर बसलो, मध्ये अर्धा तास जेवण. यादीत एकोणीस नावं झाली.

संध्याकाळी आली तर चेहरा उतरलेला. विचारलं तर म्हणाली, पहिला दिवस आहे, खूप नवीन माहिती. पहिला दिवस कसा? चार वर्षं झाली. पण थकलेल्या माणसाला उलट प्रश्न विचारू नयेत.

५ ऑगस्ट, शुक्रवार

इथलं वाचनालय शुक्रवारी दोनलाच सुटतं. कर्मचाऱ्यांची चैन आहे. वाचकांमध्ये मात्र जिव्हाळा दिसला. काल कोणा टोमासचा वाढदिवस होता, त्याने सगळ्यांसाठी केक आणला होता. कीर्तीने माझ्यासाठी तुकडा बांधून आणला. गळ्यातल्या निळ्या फितीला अडकवलेलं फोटोचं कार्ड ती घरात शिरताना काढून खिशात घालते. वाचनालयाचं कार्ड एवढं जपतात ही चांगली सवय.

दुपारी तिने कंपनीचा पहिला सिनेमा लावला. नायक शिकलेला, प्रामाणिक, त्यापायी दोन नोकऱ्या सोडतो आणि पुढे त्याचे आणि बायकोचे फार हाल होतात. मला वाटतं त्याने दुसरी सोडायला नको होती. कीर्तीला हे बोललो. नोकरीचा विषय निघावा हा हेतू होता. ती म्हणाली, "गेनाऊ." म्हणजे बरोबर. आणि सिनेमा थांबवून भाजी चिरायला उठली. प्रगती आहे.

९ ऑगस्ट

कीर्ती अर्धा तास फोनवर चिनीत बोलत होती. मला एकच शब्द पकडता आला, तोही जर्मन, 'वेंटिल'. तो सात-आठ वेळा आला. सिनेमाच्या यंत्राचा भाग असावा. यादीत त्रेचाळीसपैकी एकेचाळीस झाले. राहिलेल्या दोघांच्या तारखा कुठेच नाहीत, त्यांच्यापुढे 'अभिलेख उपलब्ध नाही' लिहिलं.

मजा वाटते आहे हे कबूल करायला हवं. निवृत्तीनंतर तीन वर्षांत एवढी गाढ झोप लागली नव्हती.

प्रभाचा फोन. "विषय काढलात का?" मी म्हटलं, काढायच्या बेतात आहे.

१४ ऑगस्ट, रविवार

आज वाद झाला.

यादी सोडल्याच्या तारखेप्रमाणे लावली तर एक गोष्ट लख्ख दिसते. कंपनी एका दिवसात बंद पडलेली नाही. माणसं एकेक करून गेली आहेत. कोणी मोठ्या स्टुडिओत गेला, कोणाचं लग्न झालं, एकाला अटक झाली. यांतला सगळ्यात पहिला गेला तो फांग नावाचा लिपिक. १९३५च्या मार्चमध्ये. कारण, जकात कार्यालयात कायम नोकरी. नुसता लिपिक नव्हता, संवाद सुधारून द्यायचा, गाणी जुळवायचा. त्याच्यानंतर रांग लागली. मी शेऱ्यात लिहिलं, 'संस्था अडचणीत असताना स्वार्थापायी सोडून गेले. कर्तव्यात कसूर.'

कीर्ती म्हणाली, "आल्झो... म्हणजे हे बघा बाबा, असा शेरा थीसिसमध्ये नाही चालत. आणि मार्चमध्ये कंपनी कुठे अडचणीत होती? दोन फिल्म्सचं काम चालू होतं. अडचण नंतर आली."

मी म्हटलं, अशी माणसं मला ठाऊक आहेत.

"कुठून?"

"अनुभवाने."

तिने विचारलं, "तुम्ही पण कलापथकात होतात ना? आई सांगते. त्याची यादी केलीत का कधी?"

केली नव्हती. अकराच तर माणसं. अर्ध्या तासाचं काम आहे, उद्या करून टाकतो.

१६ ऑगस्ट

'नवप्रकाश कलापथक', परतूर. स्थापना जानेवारी १९७९. नामांतराचे दिवस होते, गावागावांत वातावरण तापलेलं. आम्ही बैलगाडीने, एसटीने, कधी पायी जायचो. वसतिगृहांवर, पाणवठ्यावर, दारूवर गाणी. चोवीस गाणी आणि दोन वग, सगळं लिखाण माझं, सूत्रधारही मीच. ढोलकीवर दिनकर. हे लिहिताना दोन चाली आठवल्या. खिडकी बंद करून म्हणून बघितल्या. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी काठीने छत ठोकलं, कारण दुपारी एक ते तीन इथे आवाज करायचा नाही असा नियम आहे.

यादीत कुठेतरी चूक आहे. कलापथक बंद पडलं म्हणून मी नोकरी धरली, हे मी प्रभाला बघायला गेलो तेव्हा सांगितलं होतं आणि तेव्हापासून घरात सगळ्यांना तसंच माहीत आहे. माझी रुजू तारीख पंचायत समिती भोकरदन, १६ जून १९८०. ही चुकणं शक्य नाही, सेवापुस्तकात आहे. पण कलापथकाच्या अंबडच्या शेवटच्या कार्यक्रमाच्या आधी दिवाळीचे आकाशकंदील लागले होते, असं माझ्याच एका जुन्या कात्रणात होतं. जून आधी की दिवाळी आधी?

१९७९ची दिवाळी असेल. पण त्या दिवाळीत आम्ही मंठ्याला होतो.

१७ ऑगस्ट

यादी जुळत नाही. जेवणाची सुट्टी घेतली नाही.

२० ऑगस्ट, शनिवार

दिनकरला फोन लावला. छत्तीस वर्षांत लग्न-मयतीला भेटलो असू, फोन कधी केला नव्हता.

"जयभीम. मी पद्माकर. जर्मनीहून."

"जयभीम. कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. एक तारीख विचारायची आहे."

"जर्मनीहून तारीख विचारतो का? बरा हायेस ना?"

कलापथक कधी बंद पडलं ते विचारलं. त्याला आठवायलाही लागलं नाही. "ऐंशीच्या दिवाळीत. तू जूनमधी गेलास. त्या दिवशी आष्टीला कार्यक्रम होता. तासभर थांबलो तुझ्यासाठी. मग तुझं मीच म्हटलं, ढोलकी खाली ठेवून. लोक उठून गेले. लई हसलो नंतर."

"मी चिठ्ठी ठेवली होती."

"सापडली ना. दुसऱ्या दिवशी."

"मग पुढे चार-पाच महिने का ओढलंत? नवं लिहायला कोणी नव्हतं."

"आम्हाला वाटलं तू येशील माघारी. हापिसात तुझं मन रमणार नाही म्हणायचे सगळे." मग तो म्हणाला, "चांगलं केलंस पण. पोरगी जर्मनीला गेली. आमच्यातल्या कोणाची गेली?" आणि त्याने मनापासून माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

फोन ठेवल्यावर यादी दुरुस्त केली. सोडल्याच्या तारखेप्रमाणे अनुक्रमांक एक: मी. बाकी दहा जण नोव्हेंबर १९८०. कारणाच्या रकान्यात माझ्यापुढे 'नोकरी', त्यांच्यापुढे 'कलापथक बंद'. शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवला. मला लाज वाटली. साठी उलटल्यावर लाज वाटायची सवय राहत नाही, त्यामुळे काय करावं सुचेना, म्हणून भांडी घासली.

फांगच्या शेऱ्यावर आडवी रेघ मारून 'निरंक' लिहिलं आणि बाजूला सही केली.

२४ ऑगस्ट

सात दिवस राहिले. कीर्तीशी बोलायचं आहे, पण काय बोलायचं ते आता तसं राहिलेलं नाही.

दोन्ही बाजू मांडून बघितल्या. नोकरीमुळे घर झालं, कीर्तीचं शिक्षण झालं, प्रभाला कोणापुढे हात पसरावा लागला नाही. हे खोटं नाही आणि मी त्याबद्दल माफी मागणार नाही. पण तेहतीस वर्षांत मी एक ओळ लिहिली नाही. परिपत्रकं लिहिली. माझं परिपत्रक पाच तालुक्यांत नमुना म्हणून फिरायचं. लोक कौतुक करायचे, तेव्हा मी घरी येऊन विनाकारण चिडायचो आणि प्रभा म्हणायची, ऑफिसचा ताण आहे.

कीर्ती सध्या रोज संध्याकाळी येते, बूट काढण्याआधी टेबलाशी येते आणि विचारते, "आज कोण झालं?" यादीची फेरतपासणी चालू आहे, मी नाव सांगतो. मग कपडे बदलायला जाते. चार वर्षांचं काम आहे तिचं. ते सोडून कारखान्यात गेली तर माझी वाट बघत थांबले तसे दहा जणही तिला असणार नाहीत, एकटी खोके पलंगाखाली ढकलून देईल. मला ते सहन होणार नाही.

प्रभाला फोनवर सांगितलं की रविवारी नक्की बोलतो. काय बोलणार ते सांगितलं नाही.

२८ ऑगस्ट, रविवार

बोललो.

नाश्त्यानंतर तिला समोर बसवलं. आधी माझी यादी दाखवली. जून आणि दिवाळी दोन्ही तारखांवर बोट ठेवून सांगितलं की घरात आजवर जे सांगितलं ते खोटं होतं. चिठ्ठी ठेवून गेलो होतो हेही सांगितलं. मग म्हटलं, "कीर्ती, मी इथे तुला नोकरीला हो म्हणायला लावायला आलो होतो. आईने पाठवलं होतं. आता सांगतो, हो म्हणू नकोस. हे पुरं कर. पैशाचं, व्हिसाचं काय असेल ते मी बघतो, माझी पेन्शन आहे. आईशी मी बोलतो. पण सोडू नकोस."

एवढं लांब मी तिच्याशी बहुधा पहिल्यांदाच बोललो. मध्ये न थांबता पूर्ण बोललो.

ती यादीकडेच बघत होती. मग उठून आतल्या खोलीत गेली आणि ते निळ्या फितीचं कार्ड घेऊन आली. माझ्यासमोर ठेवलं. तिचा फोटो, खाली कारखान्याचं नाव.

"एक तारखेपासून जातेय, बाबा. सही जूनमध्येच केली. तुमचा व्हिसा यायच्या आधी."

मी कार्ड उलटून पाहिलं. मागे आग लागल्यास काय करायचं ते लिहिलं होतं.

"वाचनालय?"

"नाही."

"टोमास?"

"शेजारच्या टेबलावर बसतो. सप्लाय चेनला."

"वेंटिल?"

"व्हॉल्व्ह. शांघायला गळतात."

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "सांगणारच होते. पहिल्या रात्री धीर झाला नाही, म्हणून ३१ ऑगस्ट सांगून टाकलं. आणि दोनच दिवसांत तुम्ही म्हणालात, दाखव कशावर लिहितेस. बाबा, चार वर्षांत आपल्यातल्या कोणी नाही विचारलं. आईसुद्धा विचारते ते कधी संपणार एवढंच. आणि मग तुम्ही यादीच करायला बसलात. मी कामावर असायचे तेव्हा वाटायचं, घरी कोणीतरी त्यावर बसलंय. बंद नाही पडलेलं. म्हणून नाही सांगितलं. अजून थोडे दिवस चालू दे म्हटलं."

नंतर ती रडली. मीही. पुसायला काही सापडेना, तर तिने मला रकान्याचा कोरा कागद दिला.

थीसिसचं काय, हे मी शेवटी विचारलं. तिची प्रोफेसर म्हणाली आहे, नोकरी करत करत पुरा करता येतो, पुष्कळ जण करतात. "कंपनी दीड वर्ष चालली बाबा, आणि मी तिच्यावर चार वर्षं लिहितेय. दमले मी. बघू." मी तेहतीस वर्षं फायलींवर 'बघू' ऐकलं आहे, स्वतः म्हटलंही आहे. त्यामुळे पुढे विचारलं नाही.

२९ ऑगस्ट

कीर्ती सात दहाच्या ट्रामने कारखान्यात गेली. कार्ड घरातूनच गळ्यात घालून गेली. मी नऊ वाजता टेबलावर बसलो. उरलेल्या दोन माणसांच्या तारखा दुसऱ्या खोक्याच्या तळाशी चिकटलेल्या कार्डावर सापडल्या. दोघेही अखेरपर्यंत होते.

३१ ऑगस्ट, बुधवार

दुपारी प्रभाचा फोन आला. शेवटची तारीख तिने कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवली होती.

"सांगितलंत का तिला?"

"सांगितलं."

"समोर बसून?"

"समोर बसून."

"स्पष्ट सांगितलंत ना? की आपलं गोल गोल?"

"एकदम स्पष्ट. सगळं सांगितलं."

"मग? घेतली का तिने नोकरी?"

"घेतली," मी म्हटलं.

प्रभा सहसा रडत नाही. आज तिने नाक ओढलं आणि म्हणाली, "मला खात्री होती. तुम्ही नीट पटवून दिलंत की माणूस ऐकतंच. तुम्ही गेलात म्हणून झालं हो हे, नाहीतर पोरगी त्या चीनच्या नादात राहिली असती. आता तरी मान्य करा."

मी मान्य केलं.